पाणी येतं का?

माझा आवाज मोठा आहे आणि दुपारी मला काही काम नसतं, या दोन गुणांवर मला आमच्या भागाच्या पूर-समितीत घेतलं. तोंडावर तसं कुणी म्हटलं नाही. बाई, तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलात, नकाशा तुम्हाला कळतो, असं म्हणाले. मला कळतो, हे खरंच आहे. पण समितीला नकाशा कळणारी बाई नको होती, वस्तीत जाऊन लोकांना बोलतं करणारी हवी होती. तेही मला जमतं. शाळेत मुलांना गप्प करायचे, आता म्हाताऱ्यांना बोलतं करते.

आम्ही वारज्याला राहतो, उतारावर. वर आमची सोसायटी, मग रस्ता, मग बैठी घरं, मग शेवटची गल्ली, मग नदी. खडकवासला भरलं की धरणातून पाणी सोडतात आणि ते काठच्या घरांत शिरतं. वरच्यांना ते टीव्हीवर दिसतं, खालच्यांना स्वयंपाकघरात. धरणातून कधी किती क्युसेक सोडलं हे सरकारी आकड्यांत असतं. त्या वेळी पाणी कुणाच्या घरात कुठवर चढलं हे लोकांच्या तोंडी असतं. समितीला ही दोन्ही माहिती शेजारी शेजारी ठेवून एक नकाशा करायचा होता. नकाशात ज्या गल्ल्या रंगवल्या जातील तिथे पाणी सोडण्याआधी फोन जाणार, आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना आणायला गणपती मंडळाची पोरं टेम्पो घेऊन जाणार. टेम्पो एकच होता. म्हणजे न रंगवलेल्या गल्ल्यांनी आपलं आपण बघायचं.

लोकांच्या आठवणी जमवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मला आवडायला लागलं होतं. कुणी सांगायचं, पाणी गॅसच्या शेगडीला लागलं. कुणी सांगायचं, देव्हारा वाचला पण खालचं कपाट गेलं. "कमरेएवढं आलं होतं बाई," असं कुणी म्हणालं की मी विचारायचे, कुणाच्या कमरेएवढं? मग त्या माणसाला भिंतीला टेकवून उभं करायचं आणि टेप लावायची. एका काकांनी छातीएवढं सांगितलं होतं. त्यांच्या बायकोने आतून ऐकलं आणि म्हणाली, अहो, तुम्ही तेव्हा खुर्चीवर बसला होतात. लोक वाढवून सांगतात, कमीही करून सांगतात, पण चार घरं फिरलं की साधारण खरं काय ते कळतं. नवरा-बायको दोघांनाही विचारलं तर लवकर कळतं.

पण सगळ्या घरांत मी एकटी कुठे पोचणार? म्हणून एक छोटी पाहणी मोबाईलवर केली होती. कॉलेजची मुलं दारोदार जाऊन प्रश्न विचारायची आणि उत्तर तिथेच टाईप करायची. पहिला प्रश्न समितीने सगळ्यांच्या मताने ठरवला होता. सोपा असावा, पुस्तकी नको, म्हणून पूर, जलमय असले शब्द काढून टाकले आणि साधं विचारलं: तुमच्याकडे पाणी येतं का? येत असेल तर केव्हा?

आता पुण्यात कुणालाही दारात उभं राहून विचारा की पाणी येतं का. तो काय सांगेल?

नकाशा तयार झाला तेव्हा आमच्या इंजिनिअरने मला बोलावलं. हा हिंजवडीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार समितीचं काम फुकट करतो. गुणी मुलगा आहे, फक्त मराठी बोलताना मध्ये मध्ये मराठीचे शब्द वापरतो. त्याने लॅपटॉप उघडून दाखवला. काठाच्या गल्ल्या निळ्या, त्यांच्या मागच्या फिकट निळ्या, वरच्या पांढऱ्या. सगळं छान होतं. फक्त सगळ्यात खालची, नदीला लागून असलेली शेवटची गल्ली पांढरीशुभ्र होती.

मी म्हटलं, अरे, ही पांढरी कशी? पाणी काय हिला ओलांडून पलीकडे उडी मारतं?

तो म्हणाला, "मॅम, मलाही ते ऑड वाटलं. पण तिथल्या सगळ्या घरांनी पाणी येत नाही असं सांगितलंय. डेटा क्लिअर आहे."

मी म्हटलं, मूळ उत्तरं दाखव. त्याने दाखवली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या सोसायटीची उत्तरं होती: रोज सकाळी येतं. एक दिवसाआड येतं. येतं पण प्रेशर नसतं. डोंगरावरच्या चौथ्या मजल्यावर रोज सकाळी पूर येतो, हे त्यालाही पटलं नव्हतं, म्हणून ती उत्तरं चुकीची म्हणून त्याने काढून टाकली होती. पण शेवटच्या गल्लीचं उत्तर त्याला चुकीचं वाटलं नाही. ते होतं: पाणी येतच नाही. एकाने तर लिहायला लावलं होतं, आमच्याकडे पाणी कधीच येत नाही, कितीदा सांगायचं तुम्हाला?

त्या गल्लीत नळ कोरडे आहेत. पाइप कोपऱ्यापर्यंत आलाय, पुढे गेला नाही. टँकर येतो. नदीच्या उशाशी झोपणाऱ्या लोकांना प्यायला टँकर. तर त्यांनी मनापासून तक्रार केली आणि आपण त्यांना पुरातून मुक्त करून टाकलं. मी हसत सुटले. इंजिनिअर आधी लाल झाला, मग तोही हसला. दुरुस्त करू, म्हणाला, पण मला त्या गल्लीतून नवीन उत्तरं हवीत. मी म्हटलं, रविवारी आणते.

रविवार मी मुद्दाम निवडला, कारण त्या गल्लीत माझ्या ओळखीची एक बाई रविवारीच घरी असते. ती हिंजवडीला एका ऑफिसात साफसफाईचं काम करते. सकाळी कंपनीच्या बसने जाते, अंधार पडता पडता येते. अमरावतीकडची आहे. नवरा नाही. घरात ती आणि तिची आई. आईला लकवा मारल्यापासून दोन्ही पाय गेलेत, ती दिवसभर कॉटवर असते. शेजारी रिक्षाच्या सीटा आणि हूड शिवणारे एक गृहस्थ राहतात, त्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते. तिची आई त्यांच्याहून बरीच मोठी, तीही चाचाच म्हणते. दुपारी चाची या आजींना चहा देऊन जातात. एरवी दाराला बाहेरून कडी.

मी गेले, बसले, आणि गंमत सांगितली. नळाचं पाणी, पुराचं पाणी, पांढरी गल्ली. मी चांगली रंगवून सांगितली होती. आजींची मुलगी हसली नाही. ती आईच्या पायाला तेल चोळत होती, ते चोळतच राहिली.

"बाई, आम्हाला कळलं होतं," ती म्हणाली. "ती पोरं कोणत्या पाण्याचं विचारत होती ते. पण प्रश्न तुमचाच होता ना? पाणी येतं का. येत नाही. खोटं काय बोललो?"

इतकी वर्षं पेपर तपासले, पण असं उत्तर आलं नव्हतं की चूकही म्हणता येत नाही आणि गुणही देववत नाहीत. मी विचारलं, अगं पण का? तेवढ्यात माझा आवाज ऐकून चाचा दारात आले होते, त्यांनीच सांगितलं. या काठाला पूररेषेची फार भीती आहे. सरकारी नकाशावरच्या निळ्या रेषेच्या आत घर गेलं की ते घर बेकायदा, मग आज ना उद्या नोटीस. नदीच्या वरच्या अंगाला कुणाचं तरी असंच झालं, असं ते म्हणाले. तिथेही आधी कुणी तरी कागद घेऊन पाण्याचंच विचारायला आलं होतं म्हणे. खरं-खोटं मला माहीत नाही. गल्लीला मात्र ते माहीत होतं. म्हणून गल्लीने बसून ठरवलं होतं की कुणीही आलं आणि पाण्याचं विचारलं तर येत नाही म्हणायचं. वर ते खरंही होतं.

"माझ्या आजोबांनी बांधलेलं घर आहे," चाचा म्हणाले. "पाणी येतं आणि जातं, बाई. नोटीस आली की जात नाही."

मी चिडले. चिडले की माझा वर्गातला आवाज लागतो. मी म्हटलं, हा काही पूररेषेचा नकाशा नाही, फोन कुणाला करायचा याचा नकाशा आहे, आणि उद्या धरण भरलं, ही हिंजवडीला अडकली, दाराला कडी, आणि आजी आत कॉटवर, तर काय करणार आहात तुम्ही? चाचा म्हणाले, आम्ही आहोत. मी म्हटलं, तुम्ही तुमचं मशीन उचलाल की आजींना? हे मी बोलायला नको होतं, पण बोलले. चाचा निघून गेले. कॉटवरून आजी म्हणाल्या, बाईचा आवाज लय मोठा हाय. कौतुकाने म्हणाल्या की कंटाळून, ते कळलं नाही.

चढ चढून घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्या गल्लीशी भांडत होते. घरी पोचल्यावर जरा शांत झाले आणि इंजिनिअरला फोन केला. विचारलं, आपला नकाशा उद्या कुणी पूररेषेसाठी वापरू शकेल का रे? मला त्याने नाही म्हणायला हवं होतं. "आपण त्यासाठी नाही करत आहोत," तो म्हणाला. "पण एकदा मॅप झाला की तो कोण कशासाठी वापरेल, याची गॅरंटी मी नाही देऊ शकत, मॅम." खरं बोलला म्हणून त्याचा राग आला आणि खरं बोलला म्हणूनच बरं वाटलं.

म्हणजे गल्लीची भीती अगदीच हवेतली नव्हती. पण आजी कॉटवर होत्या, हेही हवेतलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी परत गेले आणि इंजिनिअर काय म्हणाला ते जसंच्या तसं मुलीला सांगितलं. तिला गोड बोलून पटवणं मला जमलं असतं. ते करायचं नाही असं मी ठरवून गेले होते. गल्लीचं लिहायचं की नाही हे तुम्ही ठरवा, म्हटलं.

तिला वेळ लागला नाही. मला वाटतं तिने आठवडाभर हाच विचार केला होता. बसमध्ये बसलं की रोज डोक्यात तेच येतं, म्हणाली. आभाळ भरलं की हात काम करत नाहीत. सुपरवायझर विचारतो, लक्ष कुठंय. तो तिकडे काचेतून पाऊस बघत कॉफी पितो आणि मला इकडे घरची कॉट दिसते.

"घर लिहू नका, गल्ली लिहू नका," ती म्हणाली. "माझी आई लिहा. तिला उचलावं लागतं, एवढं लिहा. माझा नंबर लिहा."

इतकं साधं होतं. समितीच्या डोक्यात पहिल्यापासून घरं, गल्ल्या आणि रेषा होत्या. टेम्पो जाणार होता माणसांना आणायला, आणि माणसं आम्ही कुठे लिहिलीच नव्हती. मी ते समितीत मांडलं. तिथे वाद झाला, अर्थात झाला, तीन पुणेकर एकत्र बसल्यावर दुसरं काय होणार? एकजण म्हणाले, घर हलत नाही, माणूस हलतो, आजारी माणूस बरा होतो, नाही तर जातो, नकाशा सारखा बदलावा लागेल. मी म्हटलं, मग बदला. शेवटी ठरलं की काठच्या सगळ्या वस्तीत पाण्याचं विचारायचंच नाही, ज्यांना उचलून न्यावं लागेल अशा माणसांची नावं तेवढी घ्यायची, आणि ती कुणाला दाखवायची नाहीत. कुठे किती पाणी चढतं ते मी जमवलेल्या आठवणींवरून आणि धरणाच्या आकड्यांवरून ताडायचं. निरोपाची भाषाही मी बदलून घेतली. आधीच्या मसुद्यात होतं, आज पाणी सोडण्यात येणार आहे. हे वाचून अर्धी वस्ती हंडे घेऊन नळाशी उभी राहिली असती. आता लिहिलं, धरणातून नदीत पाणी सोडणार आहेत, वर शाळेत या.

शेवटच्या गल्लीतून एकच नाव आलं, आजींचं. पण तेवढ्यानेही गल्लीत बिनसलं. आज आईचं नाव दिलंस, उद्या पत्ता देशील, परवा नोटीस, असं चाचा तिला सगळ्यांसमोर बोलले. तीही काही गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, तुमच्या आजोबांनी घर बांधलं, माझ्या आईने नदी नाही बांधली. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. चाचींचा दुपारचा चहा मात्र चालू राहिला. फक्त त्या कप ठेवायच्या आणि न बोलता जायच्या. आजींना त्याचाच जास्त त्रास व्हायचा. चहापेक्षा मले बोलनं लागते, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

पावसाळा निम्मा सरला आणि धरण भरलं. एका सकाळी निरोप आला. मुलगी तोवर हिंजवडीला पोचली होती. मी तिला फोन केला, तर तिला माझ्या आधीच कळलं होतं. निघाले बाई, म्हणाली, पण बस नाही, रिक्षा मिळत नाही, सगळं जाम आहे. तिचा आवाज रडका नव्हता. तो इतका सपाट होता की मलाच भीती वाटली. मी म्हटलं, तू ये सावकाश, आम्ही चाललोय. छत्री घेतली आणि मंडळाच्या पोरांबरोबर टेम्पोत बसले. माझं तिथे काही काम नव्हतं. पण घरी बसवेना.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला. आत जाता येत नव्हतं, गल्ली अरुंद आहे. नदीकडच्या टोकाला पाणी दिसत होतं, गढूळ, आवाज न करता पुढे सरकणारं. लोक सामान माळ्यावर टाकत होते. चार पोरं, चौघंही व्यायामशाळेतली. कडी काढून आत गेली आणि कॉटच्या चार कोपऱ्यांना उभी राहिली. कॉटसकट उचलायचं ठरलं होतं, कारण आजींना बसतं करता येत नाही.

आजींनी एकेकाकडे पाहिलं. मोजलं. आणि कॉटच्या पट्ट्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

"चौघं कायले आले?" त्या म्हणाल्या. "मी मेली काय?"

पोरांना कळेना. मला कळलं. आडवं माणूस, चार कोपऱ्यांना चौघं, घरातून बाहेर. असं आपल्यात एकदाच नेतात. समितीत आम्ही चर्चा करून करून लिहिलं होतं, कॉटला चार माणसं. एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यातला एक पोरगा म्हणाला, आजी, गणपती पण आम्हीच उचलतो. त्या म्हणाल्या, त्याले उचला, मी पाण्यात बरी हाओ. मी समजावलं, मग ओरडले. माझ्या आवाजाचा त्यांच्यावर कधीच परिणाम झालेला नाही. मी म्हटलं, मी पाचवी हात लावते. त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पोरं म्हणाली, उचलूया सरळ, ओरडू दे. मी नको म्हटलं. भीतीने जीव जायचा तिचा. उंबऱ्यापाशी पाणी चमकायला लागलं होतं.

मी बाहेर आले आणि चाचांच्या दारात उभी राहिले. ते बायकोच्या हातात पिशव्या देत होते. मशीन त्यांनी आधीच माळ्यावर चढवलं होतं, म्हणजे निरोप त्यांच्यापर्यंतही पोचला होता. मी त्यांना सांगितलं, त्या चौघांच्या हातून जायला तयार नाहीत. बाकी काही बोलले नाही. मी त्यांना मशीनवरून काय बोलले होते ते त्यांना आठवत असणार. मला तर आठवत होतंच.

चाचांनी पायजमा वर खोचला, आत आले आणि कॉटच्या बाजूला, आजींच्या उशालगत हात घातला. आजींनी पाहिलं. तू हायेस होय, म्हणाल्या, मंग चला. आणि पट्ट्या सोडून दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. पाच जणांना त्या गल्लीतून कॉट नेणं सोपं नव्हतं. चाचांना भिंतीला घासत, आडवं चालावं लागत होतं. कोपरं सोलली त्यांची. पाणी घोट्यांना लागलं होतं तेव्हा आम्ही टेम्पोशी पोचलो. चाची मागून पिशव्या घेऊन आल्या आणि आजींच्या डोक्यावर छत्री धरून बसल्या.

शाळेत आजींना एका वर्गात खिडकीशी ठेवलं. पोरं पुढच्या फेरीला गेली. चाचाही निघाले, तर आजींनी मनगट सोडलं नाही. "परत न्यायले बी पाच लागतीन," त्या म्हणाल्या. चाचा हसले नाहीत, पण एक बाक ओढून शेजारी बसले.

मुलगी आली तेव्हा दुपार उलटली होती. अर्धी वाट ती चालत आली होती, नखशिखांत भिजलेली. गल्लीकडे न जाता सरळ शाळेत आली आणि वर्गाच्या दारात थांबली. तिच्या घरात तोवर कॉटच्या उंचीच्या वर पाणी होतं. तिला ते मी अजून सांगितलं नव्हतं. आई झोपली होती. चाचा बाकावर वाकडे होऊन बसले होते आणि त्यांचं मनगट अजून आईच्या मुठीत होतं.

ती आत आली, आईच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग चाचांकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी ती त्यांच्याशी बोलली.

"हात सोडवून घ्यायचा ना, चाचा. अवघडला असेल."

"जागी होईल," चाचा म्हणाले.